दापोलीत एसयूव्ही लीजवर: ४५ हजारांचा कोट जरा फोडून बघूया

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात. दापोलीजवळ समुद्राकडच्या गावात चार खोल्यांचा होमस्टे आहे, जुनी गाडी काढून नवीन पेट्रोल एसयूव्ही घ्यायची आहे, एक्स-शोरूम १६ लाखाची. सीए म्हणतो कर्ज काढू नका, लीजवर घ्या, सगळं भाडं खर्चात टाकता येतं. मुंबईच्या एका लीजवाल्यांनी कोट पाठवलाय, ३६ महिने, महिन्याला ४५,१५० जीएसटीसकट, वर्षाला १५,००० किमी, त्याच्या वर गेलात की किमीला १० रुपये, आणि मुदत संपली की गाडी त्यांना परत. होमस्टेच्या मालकांनी मला विचारलंय की हा भाव बरोबर आहे का आणि खाली आणायचा तर कसा.

मी ११ वर्षं शोरूमच्या फायनान्स डेस्कवर बसलो, त्यानंतर ६ वर्षं लीजवरून परत आलेल्या गाड्या तपासायचं काम केलं, आणि आता चिपळूणला बसून लोकांना असले कागद वाचून देतो. तर सरळच सांगतो, कोट महाग आहे. पण तुम्ही ४५ चे ४२ करा, ४१ करा असं म्हणत बसलात तर लीजवाल्यांचा सेल्सचा पोरगा दोन दिवस साहेबांना विचारतो म्हणेल आणि तिसऱ्या दिवशी मुदत ३६ ची ४८ महिने करून ४१ हजाराचा नवीन कोट पाठवेल आणि तुम्ही खूश. मी त्या खुर्चीत बसून हेच केलंय, त्यामुळे सांगतो, महिन्याचा आकडा हा बोलायचा विषयच ठेवू नका, आणि "महिन्याला किती झेपेल साहेब?" असं विचारलं तर उत्तर देऊ नका. एकदा तुमच्या तोंडून ४० निघालं की पुढचा सगळा हिशोब ४० वर बसवून आणतात, बाकी काय हलवलं ते तुम्हाला कळत पण नाही.

कोट फोडायचा कसा ते बघा. लीजचं भाडं म्हणजे तीन गोष्टींची बेरीज. गाडीची किंमत तीन वर्षांत जेवढी उतरेल तेवढी, अधिक त्यांचे पैसे तुमच्या गाडीत अडकले त्याचं व्याज, अधिक जीएसटी. बस. शेवटी गाडीची किंमत किती उरेल असं ते आजच धरून चालतात त्याला रेसिड्युअल व्हॅल्यू म्हणतात, धंद्यात सगळे आरव्ही म्हणतात. तुमच्या कोटच्या दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात आरव्ही ६,००,००० लिहिलंय. व्याजाचा दर कुठेच लिहिलेला नाही, तो मी मागे मोजत जाऊन काढला.

जीएसटीचं आधी समजून घ्या कारण इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुमच्या साइजच्या गाडीला, म्हणजे ४ मीटरपेक्षा लांब किंवा पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या वरचं, ४० टक्के जीएसटी आहे, आधीचा सेस गेला. आणि गाडी विकताना जो दर लागतो तोच दर तिच्या लीजच्या भाड्याला लागतो. म्हणजे १६ लाखाच्या आत गाडीची मूळ किंमत ११ लाख ४३ हजार, बाकी टॅक्स. आता लीज कंपनीला गाडी घेताना भरलेला हा टॅक्स क्रेडिट म्हणून परत मिळतो कारण ती गाडी पुढे भाड्याने देते, मग ती तुमच्या भाड्यावर ४० टक्के लावते. तेव्हा भाड्याचा हिशोब ११.४३ लाखावरून सुरू व्हायला पाहिजे, १६ वरून नाही. काही जण १६ लाखच धरतात आणि वर पुन्हा ४० टक्के लावतात, म्हणजे टॅक्सवर टॅक्स. तुमच्यात ते झालेलं नाही, त्याबद्दल त्यांना मार्क देऊया.

११.४३ लाखात आरटीओचा टॅक्स घाला, पेट्रोल आणि १० ते २० लाखाच्या मधली गाडी म्हणून १२ टक्क्याने १ लाख ९२ हजार, आणि पहिल्या वर्षाचा विमा वगैरे ६५ हजार. बरोबर १४ लाख. हे त्यांचे अडकलेले पैसे. १४ मधून आरव्ही ६ गेले, उरले ८ लाख, भागिले ३६, महिन्याला २२,२२२. व्याजासाठी १४ आणि ६ ची सरासरी १० लाख, १२ टक्क्याने महिन्याला १०,०००. झाले ३२,२२२, वर ४० टक्के जीएसटी, ४५,१११. त्यांचा आकडा ४५,१५०. आपला हिशोब वहीच्या मागच्या पानावरचा, त्यांचा कॉम्प्युटरचा, फरक ३९ रुपयांचा. म्हणजे दर १२ टक्केच लावलाय.

आता दोन गोष्टींची तुलना करा. तुम्ही खूप हुज्जत घालून दर १२ चा ११ करून घेतलात तर जीएसटी धरून महिन्याला जवळजवळ बाराशे वाचतात, ३६ महिन्यांत ४२ हजार. वाईट नाही. पण तेच जर आरव्ही ६ चे ८ लाख करून घेतलेत, दर १२ च ठेवून, तर १४ वजा ८ म्हणजे ६ लाख, भागिले ३६ म्हणजे १६,६६७, व्याज ११ लाखावर ११,०००, बेरीज २७,६६७ आणि जीएसटी धरून ३८,७३४. महिन्याला ६,४०० चा फरक, तीन वर्षांत २ लाख ३० हजार. लोक अर्ध्या टक्क्यासाठी घसा कोरडा करतात आणि आरव्हीची ओळ वाचत पण नाहीत.

मग ८ लाख मागायचे कशाच्या जोरावर? नुसतं "वाढवा हो" म्हणून कोण वाढवत नाही. तुम्हाला पाहिजे ती गाडी, तेच इंजिन, तीन वर्षं जुनी, ४५-५० हजार किमी चाललेली, ती कोल्हापूर आणि पुण्याला जुन्या गाड्यांचे डीलर कितीला *घेतात* ते तीन-चार ठिकाणी फोन करून विचारा. कितीला विकतात ते नाही, ते आकडे फुगवलेले असतात. फोन करताना गाडी विकायची आहे असंच सांगा. समजा साडेनऊ लाख ऐकायला आले. लीजवाला त्यातून स्वतःच्या सेफ्टीसाठी पंधरा टक्के कापणार, कापू दे, त्याचा हक्क आहे, तरी ८ लाख उरतात. ६ म्हणजे साडेतीन लाखाची सेफ्टी, ही सेफ्टी नाही, हा त्याचा नफा आहे, तीन वर्षांनी गाडी साडेनऊला विकून तो खिशात घालणार आणि गाडीची उतरण मात्र तुम्ही भरलेली असणार.

एक मात्र आहे. करारात असं लिहून मिळत असेल की मुदतीनंतर गाडी तुम्ही आरव्हीला विकत घेऊ शकता, तर कमी आरव्ही तितकी वाईट नाही, भाडं जास्त गेलं तरी गाडी स्वस्तात पदरात पडते. पण त्या आरव्हीवर वेगळा टॅक्स किती लागणार ते लेखी घ्या, कारण ६ लाखावर ४० टक्के चढले तर ते ८ लाख ४० हजार होतात आणि स्वस्ताई कुठे राहिली. तुमच्या कोटमध्ये तर विकत घ्यायचा हक्कच नाही, गाडी परत म्हणजे परत.

फोनवर हे कसं जातं ते एकदाचं सांगतो. गेल्या पावसाळ्यात खेडच्या एका डॉक्टरबाईंसाठी मी शेजारी बसलो होतो, फोन स्पीकरवर. पोरगा बोलत होता, मॅडम बेस्ट प्राइस आहे, मॅडम या महिन्यापुरतीच आहे. मी वहीवर लिहून दिलेलं वाक्य त्यांनी वाचलं, "आरव्ही कुठल्या हिशोबाने काढली ते मला ईमेलवर पाठवाल का, माझ्याकडे तीन डीलरचे आकडे आहेत." आणि मग त्या गप्प बसल्या. पलीकडे पण गप्प. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता तेवढंच. त्या मला खुणेने विचारत होत्या काहीतरी बोलू का, मी हाताने नको म्हटलं. वीसेक सेकंदांनी तो म्हणाला, "मॅडम आरव्ही रिस्क टीम ठरवते, मी रिक्वेस्ट टाकून बघतो." हेच ऐकायचं असतं. महिन्याच्या भाड्यात सेल्सवाल्याच्या हातात फार तर हजार-पाचशे असतात, आरव्ही वरून हलते, आणि ती हलवायला त्याला वर पाठवायला काहीतरी कागद लागतो. तो कागद तुम्ही द्या. त्या वेळी पाच दिवस लागले आणि आरव्ही दीड लाखाने वर गेली.

गाडीच्या किमतीवर पण बोला हां, ते लोक विसरतात. लीजवर घेतोय म्हणजे एक्स-शोरूम छापील असंच धरतात. लीज कंपनी गाडी घाऊक घेते, तिला शोरूमकडून सूट मिळते, ती तुम्हाला पास केली का ते विचारा. त्याआधी तुम्ही स्वतः चिपळूण किंवा रत्नागिरीच्या शोरूममध्ये रोखीने घेतोय असं सांगून भाव काढून आणा आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. हँडलिंग चार्ज, लॉजिस्टिक असल्या नावाची ओळ दिसली तर खोडायला लावा. डिसेंबरात चांगली सूट मिळते पण मग गाडी त्या वर्षाची म्हणून तीन वर्षांनी एक वर्ष जुनी धरली जाते, म्हणजे सूट हातात आणि आरव्हीत वजा, दोन्ही बाजू मोजून घ्या. मार्चअखेर त्यापेक्षा बरा, टार्गेट गाठायची घाई पण असते आणि वर्ष पण नवीन चालू झालेलं असतं. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र काही मागू नका, तेव्हा सगळ्यांनाच गाडी पाहिजे असते. चाकरमानी यायच्या आत नवीन गाडी दारात दिसली पाहिजे ना.

आता किमी. तुम्ही १५,००० ला हो म्हणालात ते अंदाजानेच, खरं की नाही? तुम्हीच लिहिलंय की आठवड्यातून दोनदा खेड स्टेशनला पाहुणे आणायला जाता आणि महिन्यातून दोनदा मुंबई. खेड जाऊन-येऊन ६० धरा, वर्षाचे ६,२४०. मुंबई जाऊन-येऊन साडेचारशे, वर्षाचे १०,८००. बाजार, हर्णै बंदर, बँक, लग्नकार्य महिन्याला ४०० धरले तरी ४,८००. बेरीज २१,८४०. म्हणजे वर्षाला ६,८४० जास्त, तीन वर्षांत २०,५२०, किमीला १० रुपयांनी २ लाख ५ हजार. आणि हे बिल शेवटी एकदम येतं, गाडी परत करताना, जेव्हा तुमच्या हातात दुसरा काही इलाज नसतो. आधीच २२,००० चा स्लॅब मागा. भाडं थोडं वाढेल कारण आरव्ही थोडी उतरेल, पण शेवटी दंडाने भरण्यापेक्षा आधी घेतलेले किमी जवळजवळ नेहमी स्वस्त पडतात, आणि मर्यादा वर्षाची नसून तीन वर्षांची मिळून धरायची हे करारात घाला, म्हणजे एका वर्षी कमी चालली तर दुसऱ्या वर्षी वापरता येते.

पाहुणे आणण्यावरून आठवलं. पाहुण्यांकडून त्याचे पैसे घेता का? घेत असाल तर थांबा. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेणं कायद्यात बसत नाही, त्याला पिवळी प्लेट आणि परमिट लागतं, आणि कशेडीत कुठे गाडी घासली आणि मागच्या सीटवरच्या माणसाने ६०० रुपये दिले होते असं सांगितलं की विमावाले हात वर करतात, आणि लीजवाला म्हणतो तुम्ही करार मोडला. खोलीच्या भाड्यात स्टेशनचं आणणं-सोडणं फुकट अशी जाहिरात केली तरी प्रश्न निघू शकतो, तेव्हा लीजवाल्याकडून आणि विमावाल्याकडून लेखी विचारून घ्या. तेच आंब्याचं. मे महिन्यात शेजाऱ्यांच्या पन्नास पेट्या टाकून वाशीला गेलात तर तो धंदाच झाला. घरच्या चार पेट्या नातेवाइकांना नेल्या तर कोण काय बोलत नाही, पण खाली ताडपत्री घाला, डिकीच्या कार्पेटवर आंब्याचा चीक पडला की तो डाग गाडीबरोबरच जातो आणि परत करताना त्याचं बिल येतं.

आता मुख्य गोष्ट, जी मुंबईचा माणूस तुम्हाला सांगणार नाही कारण त्याला ती माहीतच नाही, आणि करारातली अटपण त्याने मुंबई-पुणे डोळ्यासमोर ठेवूनच छापलीय. गाडी परत करताना ती कुठल्या अवस्थेत पाहिजे ही अट. त्यात असतं "सर्वसाधारण झीज सोडून". सर्वसाधारण म्हणजे कुठली? पुण्यातली का हर्णैतली?

मी तपासायचं काम करत होतो तेव्हाची एक गाडी डोक्यातून जात नाही. गुहागरकडून आली होती, तीन वर्षांची, वरून चकाचक, मालकाने इतकी पुसली होती की बॉनेटमध्ये तोंड दिसत होतं. लिफ्टवर चढवली, मी खाली बॅटरी घेऊन गेलो. सायलेन्सरच्या क्लॅम्पला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर पापुद्रा निघून माझ्या गालावर पडला, पापडासारखा. पुढच्या सबफ्रेमला, मागच्या शॉकअपच्या कपाला, ब्रेकच्या पाइपच्या क्लिपांना, सगळीकडे तांबडं. त्यांचं घर किनाऱ्याला लागून, गाडी उघड्यावर समुद्राकडे तोंड करून उभी, आणि कामासाठी आठवड्यातून दोनदा दाभोळ-धोपावे फेरीबोट. बोटीत गाडी पुढच्या रांगेत लागली की खाऱ्या पाण्याचे शिंतोडे सरळ खाली बसतात. त्या माणसाने काही निष्काळजीपणा केला नव्हता, गाडी जिथे राहते तिथल्यासारखी झाली होती. पण माझ्याकडच्या फॉर्ममध्ये खाना एकच, "गंज: आहे / नाही". मी आहे वर टिक केली आणि ६८ हजाराचं बिल गेलं. त्याचा फोन आला तेव्हा मी नियम वाचून दाखवला. आता त्याची लाज वाटते, पण नियम तोच होता आणि त्याने सही केलेली होती.

तर तुम्ही सही करायच्या आधी हे लिहून घ्या की गाडी किनारपट्टीवर वापरली जाणार हे कंपनीला माहीत आहे, तळाचा वरवरचा गंज सर्वसाधारण झीज धरला जाईल, पत्रा आरपार गेला किंवा भाग निकामी झाला तरच पैसे. कुठलाही सेल्सवाला पहिल्यांदा नाही म्हणतो, करार स्टँडर्ड आहे म्हणतो. मग ईमेल मागा. करारात बदल नाही करता आला तरी कंपनीच्या ईमेलवरून तसं उत्तर आलं तर ते जपून ठेवा, नंतर भांडताना हातात काहीतरी असतं. ओरखड्यांचं पण तसंच, किती लांबीपर्यंतचा ओरखडा माफ ते सेंटीमीटरमध्ये विचारा, आपल्या पाणंदीतून एसयूव्ही नेली की दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या हात फिरवतातच. आणि गाडी ताब्यात घेताना पहिल्याच दिवशी लिफ्टवर चढवून तळाचे फोटो काढा, नवीन गाडी पण कधीकधी यार्डात दोन पावसाळे काढून आलेली असते. तळाला अँटी-रस्ट कोटिंग मारायचं तर कंपनीला विचारून मारा, नाहीतर वॉरंटीवर बोट ठेवतात. आणि आठवड्यातून एकदा विहिरीच्या गोड्या पाण्याने खालून धुवा, वरून नाही धुतलीत तरी चालेल.

पुण्या-कोल्हापूरचा जुन्या गाड्यांचा दलाल आपला रत्नागिरीचा एमएच-०८ नंबर बघितला की दरवाजा उघडायच्या आधी खाली वाकतो. २२ जुलै २०२१ नंतर तर जास्तच. चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं त्या दिवशी किती गाड्या बुडाल्या ते आम्ही बघितलंय, पाणी उतरल्यावर चिखलातून काढून लोकांनी पहिलं काय केलं तर चावी फिरवली. तिथेच इंजिन गेलं. इंजिनात पाणी असताना स्टार्ट मारला की आतला रॉड वाकतो, आणि साधा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा त्याला तुमची चूक म्हणतो, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे अ‍ॅड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. तुमच्या कोटात विमा त्यांनी लावलाय तो साधा की झीरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापणारा, इंजिन प्रोटेक्ट आहे का, आधी बघा. नसेल तर घालायला लावा, त्याचे जे काय हजार-दोन हजार वाढतील ते वाढू द्या.

आणि गाडी पूर्ण गेली तर काय? हे वाचून बघा, तुमच्या करारात कलम बहुतेक असंच असेल की उरलेली सगळी भाडी आणि आरव्ही एकदम भरायची. समजा एक वर्षाने गाडी वाहून गेली. उरली २४ भाडी, १० लाख ८३ हजार, आणि आरव्ही ६ लाख, झाले जवळजवळ १६ लाख ८४ हजार. विम्याची आयडीव्ही, म्हणजे विमावाले गाडीची जी किंमत धरतात ती, दुसऱ्या वर्षी २० टक्क्यांनी उतरलेली असते, १६ लाखाची १२ लाख ८० हजार. चार लाख तुमच्या खिशातून, गाडी नसताना. इथे दोन गोष्टी मागा. एक, उरलेल्या भाड्यातलं पुढचं व्याज आणि पुढचा जीएसटी वजा करून फक्त त्यांची उरलेली मुद्दल भरायची. दोन, रिटर्न टू इनव्हॉइस कव्हर, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर उतरलेली नाही तर बिलाची किंमत देणारा विमा. आणि याच कारणासाठी सुरुवातीला मोठी रक्कम भरून भाडं कमी करून घेऊ नका, ती रक्कम गाडीबरोबर जाते, विम्याचा चेक आधी लीज कंपनीच्या नावाने निघतो. डिपॉझिट परत मिळणारं असेल तर वेगळं, पण परत कधी, किती दिवसांत, ते लिहून घ्या.

मालक कोण हे पण मजेशीर आहे. गाडी त्यांची, पण मोटार वाहन कायद्यात लीजवर असलेल्या गाडीचा मालक म्हणजे जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती, म्हणजे चलन, अपघाताची केस, सगळं तुमच्याकडे येतं. आरसी तुमच्या नावावर आणि त्यावर लीजची नोंद अशीच घ्या. कंपनीच्या नावावर नोंदली तर महाराष्ट्रात आरटीओ टॅक्स बराच जास्त बसतो आणि तो फिरून तुमच्याच भाड्यात येतो. गोव्यातून किंवा दुसऱ्या राज्याची प्लेट स्वस्तात देतो म्हणाले तर ऐकू नका, १२ महिन्यांच्या वर ठेवली की इथे परत नोंदणी आणि परत टॅक्स.

मेंटेनन्स पॅकेज देत होते ते घेऊ नका असं माझं मत. त्यात बदली गाडी वगैरे लिहिलेलं असतं ती मुंबईत मिळते, दापोलीत बंद पडली तर ती आणून कोण देणार? सर्व्हिसला तुम्हाला असंही चिपळूणपर्यंत यायला लागणार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये वेळेवर करा आणि पावत्या फाइलला लावा, बस.

आता तुमच्या सीएचं. माफ करा, पण तो अर्धंच बोलला. भाडं खर्चात टाकता येतं हे खरं, गाडी स्वतःची घेतली असती तर वर्षाला १५ टक्के घसारा आणि कर्जाचं व्याज टाकता आलं असतं. पण तुम्ही रिटर्न कुठल्या पद्धतीने भरता? बरेच होमस्टेवाले उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा ठोक धरून भरतात. तसं असेल तर कुठलाच खर्च वेगळा वजा होत नाही, ना भाडं ना घसारा, म्हणजे टॅक्स वाचतो हा मुद्दाच संपला. आणि भाड्यातला महिन्याला जवळजवळ १३ हजार जीएसटी, तो तुम्ही नोंदणीकृत असाल तरी असल्या गाडीवर क्रेडिट म्हणून मिळत नाही, काही ठराविक धंदे सोडून. म्हणजे तो खर्चच. सीएला हे दोन प्रश्न आज विचारा. नोकरीवाल्यांचं गणित वेगळं, लोटे एमआयडीसीतल्या कंपनीने पगारातून लीज दिली तर भाडं टॅक्सच्या आधीच्या पगारातून जातं, तिथे फायदा दिसतो, तिथे इंजिन १.६ लिटरच्या आत की बाहेर एवढं बघायचं, टॅक्सचा हिशोब त्यावर बदलतो.

विकत घेण्याशी तुलना हवी असेल तर ही बघा. ऑन-रोड १८ लाख ५७ हजार, तीन वर्षांनी साडेनऊला विकली, उतरण ९ लाख ७ हजार, पैशाचं व्याज ९ टक्क्याने सरासरी १४ लाखावर ३ लाख ७९ हजार, एकूण १२ लाख ८६ हजार. तुमचा आजचा कोट ३६ महिन्यांचा १६ लाख २५ हजार. आरव्ही ८ वाला १३ लाख ९४ हजार. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विमा आणि सर्व्हिस दोन्हीकडे बाहेरच ठेवलीय. म्हणजे उत्तम भाव करूनसुद्धा लीज लाखभराने महागच, त्या लाखात तुम्हाला मिळतं काय तर विकायची कटकट नाही आणि १८ लाख एकदम अडकत नाहीत. तुमची आत्ताची गाडी किती वर्षं वापरलीत? नऊ म्हणालात. नऊ वर्षं गाडी वापरणाऱ्या माणसाला मी लीज सांगत नाही.

तरी घ्यायचीच असेल तर त्यांना सोमवारी एवढा ईमेल टाका: आरव्ही ८ लाख, तीन वर्षांत मिळून ६६,००० किमी, दर ११, प्रोसेसिंग फी माफ, इंजिन प्रोटेक्ट विम्यात, किनारपट्टीच्या गंजाचं वाक्य करारात, गाडी गेली तर फक्त मुद्दल. दुसऱ्या एका लीजवाल्याकडून याच अटींवर कोट घ्या, अटी एक अक्षर बदलू देऊ नका नाहीतर तुलना होत नाही. किमी वाढवल्यामुळे ते आरव्ही साडेसातवर येतील, विम्याचे थोडे चढतील, महिन्याला ४० हजाराच्या आसपास कुठेतरी बसेल. ४२ च्या वर गेलं तर सोडा. गंजाच्या वाक्याला नाही म्हणाले तर ३८ ला दिली तरी सोडा.